सतरावा प्रश्न

खैरवाडीत एम.ए. झालेला पहिला माणूस म्हणजे शालिग्राम. उंद्रीपासून दीड कोसावरची बेचाळीस घरांची वाडी ती. तिथं सातवी पास झालेल्यालाही लोक पत्र वाचायला हाक मारायचे, मग एम.ए. म्हणजे काय थट्टा झाली? विषय काय म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय संबंध. हे नेमकं काय असतं ते गावाला सांगायची जबाबदारी कारभारीबुवांनी आपणहून अंगावर घेतली. कारभारीबुवा म्हणजे वाडीतलं सगळ्यांत वडीलधारं माणूस, पंचक्रोशीतल्या निम्म्या सोयरिकी त्यांनीच जमवलेल्या. ते म्हणाले, "त्यात काई अवघड नाई. आपन दोन घरांची सोयरीक जमवतो, आपला शालिग्राम दोन देशांची जमवते." गावाला पटलं. शालिग्रामच्या नागपूरच्या सरांनाही याहून सोपं करून सांगता आलं नसतं.

साल सहासष्ट. आदल्या वर्षी पाऊस तोंड फिरवून गेलेला, ज्वारी कंबरेएवढीही झाली नव्हती. अमेरिकेतून बोटी भरभरून मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, मुंबईला उतरत होती आणि तिथून वॅगनांनी मलकापूरच्या धक्क्यावर येत होती. बोटीतून निघालेला दाणा गरिबाच्या तव्यापर्यंत पोचतो की नाही, हा शालिग्रामच्या संशोधनाचा विषय. त्याचं म्हणणं असं, की एक देश दुसऱ्याला किती दिवस खाऊ घालणार? गाव आपल्या पायावर कायमचं कसं उभं राहील, ते शोधलं पाहिजे. म्हणणं चांगलंच होतं. पोरगं हुशार होतं, नाही कोण म्हणतं.

त्याचे सर वामनराव यांनी त्याला एका परदेशी संस्थेचं काम मिळवून दिलं. तालुक्यातली दहा गावं पाहायची, घरोघर फॉर्म भरायचे. ज्या सहा गावांत हाल जास्त, तिथं स्वस्त मिलोचं दुकान उघडणार. उरलेल्या चार गावांना काही नाही. फॉर्मात बत्तीस प्रश्न होते आणि त्यातला सतरावा असा: काल घरातलं प्रत्येक माणूस किती वेळा पोटभर जेवलं? गावाला दुकान मिळणार की नाही, ते बरंचसं ह्या एका प्रश्नावर ठरायचं. शालिग्रामला ते पक्कं माहीत होतं. गावाला मात्र त्यानं सांगितलं नाही, कारण आधी सांगितलं तर लोक मुद्दाम रडगाणं गातात, असं पुस्तकात लिहिलेलं होतं.

चैत्रात तो फॉर्मांचा गठ्ठा घेऊन घरी आला तेव्हा केवढा खुशीत होता. परक्या गावात लोक हातचं राखून बोलतात, इथं आपल्याशी कोण खोटं बोलणार, असं त्याचं गणित. तो ओसरीवर बसून विचारायचा, घरचा पुरुष उत्तर द्यायचा, दाराआडून बाया माना डोलवायच्या. सतराव्या प्रश्नाला एक्केचाळीस घरांनी एकच सांगितलं: दोन टाइम. कोणाची जीभ अडखळली नाही. ओसरीओसरीवर कणगी काठोकाठ भरलेली दिसत होती. बेचाळिसावं घर त्याचं स्वतःचं. आपल्याच घराला काय विचारायचं, म्हणून तो फॉर्म त्यानं बसल्या बसल्या आपला आपणच भरून टाकला. सगळे, दोन वेळा. तिथंच त्याच्या कानाखाली वाजवायला कोणीतरी हवं होतं, पण कोणी नव्हतं.

वैशाखात त्यानं नागपूरला निबंध वाचला. नऊ गावं दुष्काळात आडवी पडली आणि खैरवाडी तेवढी उभी राहिली, हे टिकाऊ स्वावलंबन जगानं शिकावं, असा एकंदर सूर. टाळ्या पडल्या. संस्थेचा मोठा अधिकारी लॉसन साहेब उठून जवळ आला आणि त्यानं शालिग्रामचा हात दोन्ही हातांत धरला. दोन वर्षं अमेरिकेला या म्हणाला. तिथल्या विद्यापीठात देशादेशांच्या विकासाचा अभ्यास करा, सगळा खर्च आमचा. मुंबईची गाडी धरण्याआधी मलकापूरहून जीपनं येऊन तुमचं गाव तेवढं डोळ्यांनी बघतो. दुभाष्या तुम्हीच. दुकानांच्या यादीवर सही त्यानंतर करीन.

साहेबाचा दिवस महिन्याभरानंतरचा ठरला, तसं शालिग्रामनं अमेरिकेच्या बातमीसकट गावाला पत्र घातलं आणि तो दोन दिवस आधी निघाला. उंद्रीला एस.टी.तून उतरून उन्हातान्हात चालत वाडीत शिरला तो थेट कारभारीबुवांच्या ओसरीवर. तिथं चारपाच माणसं घाईगडबडीत होती. मोठी कणगी मधोमध ठेवलेली, वर पिवळीधमक ज्वारी. ती पाहून पोराला इतकं बरं वाटलं, की त्यानं लहानपणी घालायचा तसा हात कोपरापर्यंत आत घातला. चार बोटं ज्वारी लागली. त्याखाली वाळका पाला. मूठभर पाला बाहेर काढून तो त्याच्याकडे बघतच राहिला.

"हात नको घालू बे," कारभारीबुवा म्हणाले, "थर बिघडते."

"हे काय हाये बुवा?"

"काय म्हंजे? चैत्रात केल्तं तेच. दोन पोते चांगली ज्वारी हाये साऱ्या गावात, वच्छलाबाईनं बियान्याले राखलेली. तू इकडे रामरावच्या ओसरीवर लिहून राह्यला होता, तवा आमी मांगच्या दारानं अर्जुनच्या कनगीत थर देऊन राह्यलो होतो. तू अर्जुनकडे आला, की रामरावची ज्वारी निंगाली पुढं." बुवा हसले. "दमलो बुवा त्या दिशी. पन तुले पत्ता लागू देला नाई."

शालिग्रामच्या हातातला पाला खाली पडला.  एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस भरलेल्या कणग्या, आणि ज्वारी सगळीकडं तीच. नागपूरला टाळ्या पडल्या त्या ह्या दोन पोत्यांना. तो ओसरीच्या खांबाला टेकून खाली बसला.

"काऊन?" तो कसाबसा म्हणाला. "काऊन केलं असं?"

"काऊन म्हंजे? तुहा पेपर होता ना."

आता ह्यात गावाची चूक म्हणाल, तर आहे आणि नाही. वाडीत शाळा तपासायला डिप्टीसाहेब यायचा. पट भरलेला दिसला नाही तर शाळा बंद करायचा. म्हणून साहेब यायच्या दिवशी गाव उंद्रीहून पोरं आणून वर्गात बसवायचं, भिंती सारवायचं, काय विचारलं तर काय सांगायचं ते घोकून घ्यायचं. खुद्द शालिग्राम पाच वर्षांचा असताना चौथीत बसला होता आणि तेराचा पाढा त्यानं धडाधड म्हटला होता. कागद घेऊन कोणी विचारायला आलं, की ती परीक्षा. आणि परीक्षेत आपल्या पोराला पडू द्यायचं नाही, हा गावाचा धर्म. त्यातून शाळा वाचली होती, आणि त्या शाळेतूनच शालिग्राम निघाला होता.

"उपाशी हाओ म्हनलं असतं," बुवा समजावायला लागले, "त सायब म्हनला असता, ज्याच्यानं सोताचं गाव जगवनं झालं नाई, तो काय देशांचं पाहीन? म्हून पारावर बसून ठरवलं. दोन टाइम म्हना, अन् हासून म्हना."

"अन् खरं काय हाये?"

बुवांनी डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. "मानसं जेवतात दोन टाइम. हलकं जेवतात, पन जेवतात."

"अन् बाया?"

"आता चुलीपाशी कोन काय खाते, ते मले कसं माहीत असन?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, आणि ह्याचाच शालिग्रामला जास्त धक्का बसला. कारण त्यालाही माहीत नव्हतं.

दिवेलागणीला तो आणि त्याचे वडील भाऊराव जेवायला बसले. आई, अन्नपूर्णाबाई, वाढत होती. भाऊ तुळशीराम नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये कामाला, त्याची बायको पुष्पा चुलीशी. शालिग्रामच्या ताटात भाकरीवर भाकर पडत गेली. सवयीनं तिसरी संपली आणि तेव्हा कुठं दुपारचं बोलणं डोक्यात घुसलं. तो हात न धुताच उठला आणि चुलीपाशी जाऊन बसला.

"काय पाहिजे रे?" आई म्हणाली.

"काई नाई. तुमी जेवा. मी बसतो."

पुष्पानं टोपल्यावरचं फडकं घट्ट धरलं. त्यानं ते हळूच तिच्या हातातून सोडवून घेतलं. टोपल्यात एक भाकर होती, तीही कडेनं मोडलेली.

"हे दोघींचं?"

"मले भूकच नाई आज," आई म्हणाली.

"सकाळी काय खाल्लं?"

"खाल्लं ना. खाल्ल्याबिगर राह्यते का मानूस?"

मग सासूकडे न बघता पुष्पा खाली मान घालून बोलली. "ज्वारीच्या कन्यांचं पानी पेतो सकाळी, भाऊजी. फागुनापासून असंच हाये. राती अर्धी अर्धी भाकर घेतो. तुमी आले, की कमी उरते, अन् तेही मामीजी मलेच देतात."

शालिग्रामच्या बोटांना तिसऱ्या भाकरीचं उष्टं अजून लागलेलं होतं.  दोन वर्षं तो भुकेवर पुस्तकं वाचत होता. बोटी किती, वॅगनी किती, माणशी किती औंस, सगळं त्याला तोंडपाठ होतं. आणि आपली आई जेवते कधी, हे त्यानं जन्मात एकदाही पाहिलं नव्हतं. लाज वाटली असं नुसतं म्हणून भागणार नाही. त्याला स्वतःची किळस आली. दारात उभे असलेले भाऊराव म्हणाले, "मले कोनी सांगतलं नाई," आणि बाहेर जाऊन बसले.

सकाळी त्यानं मारुतीच्या पारावर सगळ्या गड्यांना गोळा केलं आणि जे आधी सांगायला हवं होतं ते आता सांगितलं. परीक्षा माझी नव्हती, गावाची होती. दहातल्या सहा गावांना दुकान मिळणार. तुम्ही दोन टाइम म्हणालात म्हणून खैरवाडीचं नाव गळलं. उद्या साहेब सही करणार. एकदा सही झाली, की पुढच्या सालापर्यंत इथं दाणा येणार नाही.

 कारभारीबुवांचा चेहरा पांढराफटक पडला. उभे होते ते खाली बसले.

"म्हंजे आपल्याच तोंडानं आपन दुकान घालवलं?"

"हाव."

"अन् उद्या खरं सांगतलं, त तुहं काय होते?"

  खोट्या आकड्यांचा निबंध लिहिणाऱ्याला अमेरिकेत कोण बोलावतं?  कारभारीबुवांनी इकडेतिकडे पाहिलं. रामराव, अर्जुन, भाऊराव, सगळ्यांनी एकेक करून माना हलवल्या. 

"दुकान सालभराचं हाये," बुवा म्हणाले. "पोट्टं जल्माचं हाये. आमी उद्या दोन टाइमच म्हनू."

"बुवा, बाया उपाशी हायेत घरात."

"म्हून त. उपाशी राहून ज्याले शिकवलं, त्याले आता मांगं वढू?"

आता ह्याला काय म्हणायचं? डोकं फोडून घ्यावं असा न्याय, पण प्रेमाचा. बायांना कोणी विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको. वर भाऊरावांनी पोराला शपथ घातली, "सायबापुढं तुह्या तोंडानं गावाले लबाड म्हनशीन, त तुह्या मायच्या गळ्याची आन हाये." साऱ्या पारासमोर त्याला हो म्हणावं लागलं. त्याला एकच वाट दिसत होती. दुपारी त्यानं आईला बाजूला घेतलं. "माय, सायब तुलेच विचारीन. खरं काय ते सांगजो. माहा इचार नको करू." आईनं हाव म्हटलं. त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पुन्हा म्हटलं, हाव.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला जीप आली. लॉसन साहेब उंच, पन्नाशीचा, घामानं निथळत होता, पण खुशीत. सारवलेल्या ओसऱ्या पाहिल्या, भरलेली कणगी पाहिली, दोन फोटो काढले. रामरावाला विचारलं, अर्जुनाला विचारलं. दोन टाइम, दोन टाइम. शालिग्राम इमानदारीनं तेच इंग्रजीत सांगत गेला. शपथच होती. शेवटी आपल्या घरापाशी येऊन तो म्हणाला, "साहेब, सतरावा प्रश्न घरच्या बाईंना विचारा. आत, चुलीपाशी." साहेबाला त्यात काही वावगं दिसलं नाही. वाकून तो आत गेला आणि पाटावर बसला. मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा आणि दुकानांची यादी, हातात पेन. बाकीचं गाव बाहेर अंगणात थांबलं.

आई डोक्यावरून पदर घेऊन समोर बसली होती. साहेबानं विचारलं. शालिग्रामनं मराठीत सांगितलं, "माय, सायब विचारते, काल तू किती खेप जेवली?"

तिनं साहेबाकडे पाहिलं नाही, पोराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ती काय सांगणार, ते शालिग्रामला त्या पाहण्यातूनच कळलं.

"दोन टाइम," ती म्हणाली. खणखणीत म्हणाली. "पोटभर. सकाळी भाकर अन् वरन, राती भाकर अन् बेसन. काल त उरलं होतं, गायीले टाकलं."

साहेबाचं पेन थांबलं होतं. बाहेर कोणीतरी समाधानानं खाकरलं.  गावाला लबाड म्हणायचं नाही, ही शपथ. आईला खोटं ठरवायचं नाही, ते शपथेशिवायही त्याला जमलं नसतं. दुभाष्याचं काम काय, तर समोरचा जे बोलला ते दुसऱ्याला सांगायचं. हे त्याला नागपूरला शिकवलं होतं.

"एकदा," तो इंग्रजीत म्हणाला. "ती म्हणते, एकदा."

आईनं मान डोलावली.

"ती पुष्कळ बोलली," साहेब म्हणाला.

"ती म्हणते, सकाळी कण्यांचं पाणी पिते. रात्री अर्धी भाकर. ती म्हणते, फाल्गुनापासून असंच चाललंय."  "मुलगा घरी आला, की तेवढीही राहत नाही, म्हणते."

आई प्रत्येक शब्दाला मान डोलवत होती. हसत होती. पोरगं आपलं बोलणं इतक्या भराभर इंग्रजीत सांगतंय, ह्याचं तिला कौतुक वाटत होतं. पुष्पा चुलीआडून एकटक शालिग्रामकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण भाऊजींचे डोळे दिसत होते.

साहेबानं फॉर्मांचा गठ्ठा चाळला. "तुमच्या फॉर्मात ह्या घराला दोन लिहिलंय."

"फॉर्म माझा चुकला. हे माझंच घर आहे. ही माझी आई. मी तिला विचारलंच नव्हतं."

"बाकीची एक्केचाळीस घरं?"

"तिथंही मी ओसरीवरून आत गेलो नाही."

 साहेबानं हात लांब करून टोपल्यावरचं फडकं उचललं. आत अर्धी भाकर होती. त्यानं फडकं पुन्हा तसंच ठेवलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. "महिनाभर मी एका उपाशी गावाचं कौतुक करत हिंडतोय," तो हळू आवाजात म्हणाला. "दिल्लीपर्यंत." यादीत सहा नावं होती. खाली त्यानं सातवं लिहिलं, खैरवाडी, आणि सही ठोकली. पंधरा दिवसांत दाणा येईल म्हणाला. उठता उठता त्यानं शालिग्रामच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या जागेचं मला आता काही बोलता येणार नाही. असा निबंध लिहिणाऱ्याला मी कोणत्या तोंडानं नेऊ?"

"खरं आहे," शालिग्राम म्हणाला.

जीप धुरळा उडवत गेली तसं सारं गाव शालिग्रामभोवती गोळा झालं. कारभारीबुवा सगळ्यांत पुढं.

"सही केली का सायबानं?"

"केली."

"म्हंजे पास." बुवांनी पोराला पोटाशी धरलं. भाऊराव तोंड फिरवून डोळे पुसायला लागले. दुकानाचं कोणी विचारलं नाही, ते गेलंच असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. शालिग्रामनंही तिथं काही सांगितलं नाही. त्याला गर्दीतून बाहेर पडायचं होतं.

आई दाराशी उभी होती. तिनं त्याचा हात धरून त्याला आत ओढलं. आता तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं आणि ती घाबरलेली दिसत होती.

"तू म्हनला होता खरं सांग," ती म्हणाली. "म्या ठरवलंही होतं. पन तुह्याकडे पाह्यलं अन् तोंडातून निंगालंच नाई रे. तुहं नुकसान त नाई झालं? म्या बराबर सांगतलं ना?"

"बराबर सांगतलं, माय," शालिग्राम म्हणाला. "तू सांगतलं, तेच म्या सायबाले सांगतलं."